चार वसाहतींचा एक देश : दक्षिण आफ्रिकेची गोष्ट

सामान्यज्ञानाच्या पुस्तकात देश आणि त्यांच्या राजधान्यांची यादी असते. मुले ती घोकून पाठ करतात आणि एका देशापाशी हमखास अडतात. दक्षिण आफ्रिका. एका पुस्तकात प्रिटोरिया लिहिलेले, दुसऱ्यात केपटाऊन, आणि एखाद्यात तिसरेच नाव, ब्लोमफॉन्टेन. मुलांना वाटते, छापणाऱ्याची चूक झाली. चूक कोणाचीच नाही. त्या देशाला खरोखरच तीन राजधान्या आहेत. सरकारी कचेऱ्या प्रिटोरियाला, संसद केपटाऊनला आणि अपिलाचे वरिष्ठ न्यायालय ब्लोमफॉन्टेनला. हा सरंजाम आजचा नाही. १९०९ साली चार वसाहतींनी एक देश व्हायचे ठरवले, तेव्हा राजधानी कोणाकडे असावी यावर काही केल्या एकमत होईना. शेवटी भाऊबंद वाटणी करतात तशी राजधानीचीच वाटणी झाली. चौथ्या वसाहतीच्या वाट्याला राजधानीतले काहीच आले नाही, म्हणून तिच्या पीटरमारित्झबर्ग शहराला नुकसानभरपाई म्हणून पैसे दिले गेले.

आता ही गोष्ट आपल्या मासिकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. या चार वसाहतींत आपली माणसे होती. गुजरातचे मेमन आणि सुरती व्यापारी होते, मद्रास आणि बिहारकडचे गिरमिटिया मजूर होते, आणि केपटाऊनमध्ये आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमानही होते. चार वसाहतींचा एक देश झाला तेव्हा या माणसांचे काय झाले, हे शाळेच्या इतिहासात दोन ओळींत उरकले जाते. गांधीजींना रेल्वेच्या डब्यातून उतरवले एवढेच मुलांना ठाऊक असते.

चार वसाहती, चार स्वभाव

सर्वांत जुनी केप वसाहत. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान व्हान रीबेकने तेथे ठाणे घातले. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजा भाजीपाला, मांस आणि पाणी मिळावे एवढाच उद्देश होता. कामाला माणसे हवीत म्हणून कंपनीने जावा, सुलावेसी, बंगाल, मलबार, मादागास्कर अशा ठिकाणांहून गुलाम आणले. शिवाय इंडोनेशियाच्या बेटांवर कंपनीविरुद्ध उठलेल्या सरदारांना आणि आलिमांना हद्दपार करण्याची जागा म्हणूनही केपचा उपयोग झाला. मकासरचे हजरत शेख यूसुफ (रह.) यांना १६९४ मध्ये येथेच पाठवले. शहरापासून दूर एका शेतावर त्यांना ठेवले, म्हणजे लोकांशी संबंध येणार नाही. झाले उलटेच. पळून आलेले गुलाम त्यांच्याभोवती जमू लागले. आज त्या जागेचे नावच मकासर आहे.

पुढे तिदोर बेटाचे इमाम अब्दुल्लाह काझी अब्दुस्सलाम, ज्यांना लोक तुआन गुरू म्हणत, १७८० मध्ये कैदी म्हणून रॉबेन बेटावर आले. तेथे त्यांनी आठवणीतून कुरआन शरीफ लिहून काढले, असे केपचे लोक सांगतात. सुटल्यावर त्यांनी गुलामांच्या आणि मुक्त काळ्या लोकांच्या मुलांसाठी मदरसा काढला. केपटाऊनच्या डॉर्प स्ट्रीटवरची अव्वल मशीद त्यांच्याच काळातली.

उर्दू शिकवणारी म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आफ्रिकान्स ही डचांपासून निघालेली भाषा पुढे गोऱ्या राष्ट्रवादाची निशाणी बनली. पण केपच्या मदरशांत ही भाषा अरबी लिपीत लिहिली जात होती, आणि आफ्रिकान्समधल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत अरबी लिपीतली पुस्तके येतात. तुर्की सुलतानाने पाठवलेले आलिम अबू बक्र एफेंदी यांनी दीनाच्या मसल्यांवर लिहिलेले ‘बयानुद्दीन’ हे असेच पुस्तक. ते १८७७ मध्ये इस्तंबूलला छापले गेले. भाषा एका कौमची आणि लिपी दुसऱ्या कौमची, असा हिशेब करणाऱ्यांनी हे पुस्तक एकदा तरी पाहावे.

१८०६ मध्ये इंग्रजांनी केप कायमचे घेतले. १८३४ मध्ये गुलामी रद्द झाली, आणि डच शेतकऱ्यांपैकी, म्हणजे बोअरांपैकी, हजारो कुटुंबे बैलगाड्या जुंपून उत्तरेकडे निघाली. त्यातून पुढे दोन बोअर प्रजासत्ताके झाली, ट्रान्सवाल आणि ऑरेंज फ्री स्टेट. पूर्व किनाऱ्यावरचे नाताळ मात्र इंग्रजांनी १८४३ मध्ये ताब्यात घेतले. तेथे उसाची लागवड सुरू झाली आणि उसाला मजूर हवे होते. १६ नोव्हेंबर १८६० रोजी ‘ट्रूरो’ नावाचे जहाज मद्रासहून दरबानला लागले. त्यातून आलेली ती पहिली हिंदी गिरमिटिया माणसे. पुढल्या पन्नास वर्षांत दीड लाखाहून अधिक माणसे अशीच आली.

चारही वसाहतींचे कायदे वेगळे, वृत्तीही वेगळी. केपमध्ये रंगावर मताधिकार अवलंबून नव्हता. ठरावीक मिळकत असली आणि स्वतःचे नाव, पत्ता व धंदा लिहिता आला की काळा, मलय, हिंदी, कोणीही मतदार होऊ शके. अर्थात काळे मतदार वाढू लागले तशी १८९२ मध्ये मिळकतीची अट २५ पौंडांवरून ७५ पौंडांवर नेली, हेही खरे. नाताळने १८९६ मध्ये हिंदी लोकांचा मताधिकार मोडीत काढला आणि गिरमिट संपलेल्या मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा कर बसवला. ट्रान्सवालमध्ये गोऱ्याखेरीज कोणाला मतच नव्हते. ऑरेंज फ्री स्टेट तर सर्वांच्या पुढे. तेथे १८९१ च्या कायद्याने हिंदी व्यापाऱ्यांना दुकाने बंद करून राज्याबाहेर काढले. हॉटेलात वेटर किंवा अशाच हलक्या कामावर राहायचे असेल तरच परवानगी.

लढाई आणि तहातले आठवे कलम

१८६७ मध्ये हिरे सापडले, १८८६ मध्ये ट्रान्सवालमध्ये सोने. त्यानंतर ट्रान्सवाल बोअरांच्या हाती राहू देणे इंग्रजांना परवडणारे नव्हते. ऑक्टोबर १८९९ ते मे १९०२ अशी अडीच वर्षे युद्ध चालले. इंग्रजांनी बोअरांची शेते जाळली, बायकामुलांना छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत सुमारे सव्वीस हजार बोअर बायकामुले गोवर, हगवण आणि उपासमारीने मेली. काळ्या लोकांच्या वेगळ्या छावण्या होत्या. तेथेही हजारो मेले, पण त्यांची धड मोजदादसुद्धा कोणी ठेवली नाही.

३१ मे १९०२ रोजी फेरीनिखिंगचा तह झाला. त्यातले आठवे कलम नीट वाचण्यासारखे आहे. दोन्ही बोअर वसाहतींना स्वराज्य मिळाल्यावरच तेथील काळ्या लोकांच्या मताधिकाराचा विचार केला जाईल, असे त्यात ठरले. म्हणजे काय, तर ज्यांना मताधिकार द्यायचा नव्हता त्यांच्याच हाती आधी सत्ता द्यायची आणि मग त्यांना विचारायचे, या लोकांना मत देता का? युद्ध सुरू असताना इंग्रज मंत्री हिंदी आणि काळ्या लोकांवरच्या जुलमाची उदाहरणे देत होते. तह होताना मात्र दोन गोरे भाऊ समेटाला आले आणि बाकीच्यांचा हक्क तारणात गेला. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली या एका कलमात आहे, असे माझे मत आहे.

रेल्वे, बंदर आणि जकात

देश एक होतात ते मोठ्या भाषणांनी, असे मुलांना वाटते. येथे आधी आगगाडीच्या भाड्याचे भांडण होते. सोन्याच्या खाणी जोहान्सबर्गला, समुद्रापासून आत. तेथे जाणारा माल तीन वाटांनी जाई. एक केपच्या बंदरांतून, दुसरी नाताळच्या दरबानहून आणि तिसरी पोर्तुगीजांच्या मोझांबिकमधल्या डेलागोआ बंदरातून. तिसरी वाट सर्वांत जवळची. शिवाय खाणींना मजूर मोझांबिकमधून मिळत, त्यामुळे पोर्तुगीजांना दुखवण्याची ट्रान्सवालची तयारी नव्हती. केप आणि नाताळ यांचा तर अर्धा संसार रेल्वेच्या भाड्यावर आणि जकातीवर चालायचा. (ही मराठीतली जकात, म्हणजे मालावरचा कर. आपल्या जकातीशी तिचा काही संबंध नाही.) १९०३ मध्ये चौघांनी मिळून जकातीचा एक करार केला होता, पण तो टिकेल याचा भरवसा कोणालाच नव्हता.

त्यात १९०६ मध्ये नाताळात बंबाथाचे बंड झाले. झुलू लोकांवर डोईपट्टी लादल्यामुळे ते पेटले होते. तीन हजारांहून अधिक झुलू मारले गेले. आपण मूठभर गोरे एकट्याने या देशात टिकणार नाही, ही भीती नाताळच्या गोऱ्यांना तेव्हापासून बसली. १९०७ पर्यंत ट्रान्सवाल आणि ऑरेंज रिव्हर या दोन्ही वसाहतींना स्वराज्य मिळाले आणि कालचे बोअर सेनापती मंत्री झाले. मे १९०८ मध्ये रेल्वे आणि जकातीवर बोलायला चारी वसाहतींचे प्रतिनिधी जमले. भाड्यावर तोडगा निघेना. मग ठरले असे की, एकच देश करू म्हणजे भाड्याचा प्रश्नच राहणार नाही.

१२ ऑक्टोबर १९०८ रोजी दरबानला राष्ट्रीय परिषद भरली. केपचे १२, ट्रान्सवालचे ८, नाताळ आणि ऑरेंजचे पाच-पाच, असे तीस सभासद. ऱ्होडेशियाचे तिघे नुसते ऐकायला. अध्यक्ष केपचे सरन्यायाधीश लॉर्ड डी व्हिलिअर्स. सहा-सात वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणारे इंग्रज आणि बोअर एका टेबलाशी बसले होते. बोअर सेनापती बोथा आणि स्मट्स होते, ट्रान्सवालवर छापा घालणारा जेम्सनही होता. त्या काळी चारही वसाहतींत मिळून सुमारे बावन्न लाख माणसे होती, त्यांत गोरे अकरा लाख. परिषदेत मात्र तीसही जण गोरे.

त्याच आठवड्यात आणखी एक घटना घडत होती. दरबानला परिषद उघडली तेव्हा नाताळ-ट्रान्सवालच्या सीमेवरच्या फोल्क्सरस्ट गावात गांधीजी अटकेत होते. नाताळहून ट्रान्सवालमध्ये परत येताना त्यांनी नोंदणीचा दाखला दाखवला नाही, म्हणून ७ ऑक्टोबरला त्यांना पकडले आणि १४ तारखेला दोन महिने सक्तमजुरी सुनावली. दोनच महिन्यांपूर्वी, १६ ऑगस्टला, जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या पटांगणात हिंदी लोकांनी दोन हजारांहून अधिक दाखले पेटवून दिले होते. म्हणजे एकीकडे दोन वसाहतींमधली सीमा पुसायची भाषा चालू होती, आणि दुसरीकडे तीच सीमा ओलांडली म्हणून हिंदी माणूस तुरुंगात जात होता.

परिषदेत वाद पुष्कळ झाले. सैल संघराज्य करायचे की एकसंध राज्य? नाताळला संघराज्य हवे होते. स्मट्स आणि केपचे पंतप्रधान मेरीमन यांनी एकसंध राज्याचा आग्रह धरला आणि तेच झाले. इंग्रजी आणि डच या भाषांना बरोबरीचा दर्जा मिळाला. मताधिकारावर मात्र गाडी अडली. केपवाले म्हणाले, आमच्याकडे काळ्या लोकांना मत आहे ते राहिले पाहिजे. उत्तरेकडचे म्हणाले, आमच्याकडे नाही ते येता कामा नये. तोड निघाली ती अशी की, ज्याचे जे आहे ते त्याच्याकडे राहील. केपचा जुना मताधिकार काढायचा झाला तर संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या एकत्र बैठकीत दोन-तृतीयांश बहुमत लागेल. पण त्या बदल्यात संसदेचा सभासद फक्त युरोपीय वंशाचाच असेल. केपमध्ये याआधी असे बंधन कायद्यात नव्हते. म्हणजे एकीकरणाने काळ्या आणि मलय माणसाला काही दिले तर नाहीच, होते त्यातलेही काढून घेतले.

लंडनचा उन्हाळा, १९०९

मसुदा इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे जायचा होता. त्या उन्हाळ्यात दक्षिण आफ्रिकेहून तीन वेगवेगळी शिष्टमंडळे लंडनला पोहोचली. पहिले परिषदेचे, सरकारी. दुसरे केपचे माजी पंतप्रधान विल्यम श्राइनर यांच्याबरोबर गेलेले. श्राइनर गोरे होते. परिषदेवर त्यांची निवड झालेली होती, पण झुलू राजा दिनुझुलू याच्यावर खटला चालू होता आणि त्याचे वकीलपत्र घेण्यासाठी त्यांनी परिषदेची जागा सोडली. त्यांच्या शिष्टमंडळात जॉन तेंगो जबावू, वॉल्टर रुबुसाना असे आफ्रिकी पुढारी होते आणि डॉ. अब्दुल्लाह अब्दुर्रहमान होते.

डॉ. अब्दुर्रहमान यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. त्यांचे आजोबा गुलाम होते. त्यांनी पैसे साठवून स्वतःची सुटका विकत घेतली आणि केपटाऊनमध्ये दुकान काढले. वडील अल-अझहरला शिकले. नातू ग्लासगोला जाऊन १८९३ मध्ये डॉक्टर झाला. गुलामीपासून डॉक्टरकीपर्यंत तीन पिढ्या. १९०४ मध्ये ते केपटाऊन नगरपालिकेवर निवडून आले, गोऱ्यांखेरीज निवडून आलेले ते पहिले. १९०५ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९४० पर्यंत, ते मिश्रवर्णीयांच्या ‘आफ्रिकन पोलिटिकल ऑर्गनायझेशन’चे अध्यक्ष राहिले. शाळा हा त्यांचा ध्यास. डिस्ट्रिक्ट सिक्स वस्तीतली ट्रॅफल्गर हायस्कूल त्यांच्याच खटपटीने उभी राहिली.

तिसरे शिष्टमंडळ दोघांचेच होते. ट्रान्सवालच्या हिंदी लोकांतर्फे गांधीजी आणि प्रिटोरियाचे व्यापारी हाजी हबीब. हे हाजी हबीब म्हणजे तेच, ज्यांनी ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमधल्या सभेत, आपण हा कायदा मानणार नाही असे खुदाला साक्ष ठेवून सांगू या, असे उठून म्हटले होते. सभेतल्या ठरावाला शपथेचे रूप त्यांनी दिले. अल्लाहचे नाव घेऊन केलेला ठराव साध्या ठरावासारखा विसरता येत नाही, हे गांधीजींनी मग सभेला समजावून सांगितले, आणि सत्याग्रहाचा आरंभ त्या दिवसापासून धरला जातो.

लंडनमध्ये तिघांपैकी पहिल्याचेच काम झाले. पंतप्रधान अॅस्क्विथ यांनी वर्णबंदीबद्दल खेद दाखवला, ती पुढे तिकडचीच संसद काढून टाकील अशी आशाही व्यक्त केली, आणि विधेयक मंजूर करून घेतले. केर हार्डीसारख्या मोजक्यांनी विरोध केला. २० सप्टेंबर १९०९ रोजी राजाची सही झाली. गांधीजी आणि हाजी हबीब रिकाम्या हातांनी परतले. परतीच्या बोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ लिहिले.

येथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. ही दोन शिष्टमंडळे एकाच शहरात असूनही एक झाली नाहीत. गांधीजींची मागणी हिंदी लोकांपुरती होती, काळ्या आफ्रिकींच्या मताधिकाराचा प्रश्न त्यांनी आपला मानला नव्हता. ज्यांना बाहेर ठेवले ते चार ठिकाणी उभे होते आणि ज्यांनी ठेवले ते एकत्र होते.

३१ मे १९१० रोजी युनियन ऑफ साउथ आफ्रिका अस्तित्वात आले. तारीख मुद्दाम निवडलेली. तहाला बरोबर आठ वर्षे झाली होती. लुई बोथा पहिले पंतप्रधान. (ऱ्होडेशिया बाहेर राहिले आणि पुढे १९२२ मध्ये मतदान घेऊन कायमचे बाहेर राहिले. बासुतोलँडही इंग्रजांकडेच राहिले. ते आजचे लेसोथो, नकाशात दक्षिण आफ्रिकेच्या पोटात दिसते ते.)

गोऱ्यांना एक देश, हिंदी लोकांना चार

एक देश झाला म्हणजे आत कोठेही जाता यावे, राहता यावे. मुंबईचा माणूस नागपूरला जातो तसे. हिंदी लोकांसाठी तसे झाले नाही. १९१३ च्या कायद्याने जुन्या वसाहतींच्या सीमा त्यांच्यापुरत्या जशाच्या तशा ठेवल्या. नाताळच्या हिंदी माणसाला ट्रान्सवालला जायचे तर परवाना हवा. केपला जायचे तर हवा. ऑरेंज फ्री स्टेटमध्ये तर वस्तीच करायची नाही. या बंद्या १९७५ पर्यंत चालल्या, आणि फ्री स्टेटची बंदी १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत. गोऱ्यांनी चारचे एक केले, आणि त्याच देशात राहणाऱ्या हिंदी कुटुंबांना पासष्ट वर्षे चार देश पुरवले.

केपटाऊनच्या कोकणी लोकांची तऱ्हा थोडी निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रत्नागिरी जिल्ह्यातले तरुण मुंबईमार्गे तेथे पोहोचले. कोणी मजुरी केली, कोणी फळे आणि भाजी विकली, मग छोटी दुकाने काढली. काहींनी तेथल्या मलय घराण्यांत लग्ने केली. बहुतेकांची बायकामुले मात्र गावीच. घरी येऊन जायचे तर फोटो लावलेला परवाना घ्यावा लागे आणि ठरलेल्या मुदतीत परतावे लागे. मुदत चुकली, मग आजारपण असो की जहाज न मिळणे, तर तेथे राहण्याचा हक्क बुडाला. एका कागदावर दोन किनाऱ्यांचा संसार. आखाती देशांत गेलेल्यांच्या घरी हा हिशेब आजही समजावून सांगावा लागत नाही.

ऑक्टोबर १९१२ मध्ये नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले, तेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच, गुहागरजवळच्या कोतळूकचे. केपटाऊनला उतरून ते सगळीकडे फिरले. गांधीजींनी आपल्या सत्याग्रहाच्या इतिहासात या दौऱ्यातली एक हकीकत लिहिली आहे. जोहान्सबर्गमध्ये काही कोकणी मुसलमान आणि थोडे महाराष्ट्रीय हिंदू होते. गोखल्यांनी मराठीत बोलावे अशी त्यांची फार इच्छा, आणि ती गांधीजींमार्फत गोखल्यांकडे पोहोचली. हिंदुस्थानीत भाषांतर आपण करू, असे गांधीजी म्हणाले. गोखल्यांना हसू आले. गांधीजींचे हिंदुस्थानी त्यांना ठाऊक होते, पण मराठी यांना कोठून येणार, असा त्यांचा सवाल. शेवटी ते मान्य झाले, आणि पुढे झांजीबारपर्यंत हिंदी श्रोत्यांपुढे ते मराठीतच बोलत राहिले. परमुलखात, एका सभेत, कोकणी मुसलमान आणि महाराष्ट्रीय हिंदू मराठी ऐकायला एकत्र बसले होते, ही गोष्ट मी वर्गात आवर्जून सांगते.

गोखले बोथा आणि स्मट्स यांना भेटले. तीन पौंडांचा कर जाणार, असे समजून ते परतले. कर गेला नाही.

एका मुसलमान जोडप्याचा खटला

मार्च १९१३ मध्ये केपच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे एक प्रकरण आले. केपमध्ये राहणारे हसन इसप यांची पत्नी बाई मरियम हिला देशात उतरू दिले जात नव्हते. निकाह हिंदुस्थानात शरीयतप्रमाणे झालेला. ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेले लग्न या देशाच्या कायद्यात लग्न नव्हे, असा निर्णय झाला. एका फटक्यात हिंदू, मुसलमान, पारशी सगळ्यांचीच लग्ने अधांतरी झाली. बायको रखेल ठरली आणि मुलांचा वारसा बुडाला. कर पुरुषांच्या खिशाला बोचत होता, हा निकाल घराघरांत शिरला. बायका चळवळीत आल्या त्या यामुळे.

सप्टेंबरमध्ये कस्तुरबांसह सोळा जणांची तुकडी फीनिक्स आश्रमातून निघाली आणि नाताळची सीमा ओलांडून फोल्क्सरस्टला पकडली गेली. गुन्हा काय, तर आपल्याच देशातल्या एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात विनापरवाना पाऊल टाकले. पुढच्या महिन्यात दरबानच्या फातिमाबाई निघाल्या, गांधीजींचे बालमित्र शेख मेहताब यांची पत्नी. बरोबर आई हनीफाबाई आणि सात वर्षांचा मुलगा. फोल्क्सरस्टला मायलेकींना अटक झाली. बोटांचे ठसे मागितले तेव्हा फातिमाबाईंनी साफ नकार दिला. दोघींना तीन-तीन महिन्यांची शिक्षा झाली. या लढ्यात तुरुंगात जाणाऱ्या पहिल्या मुसलमान स्त्रिया म्हणून या मायलेकींची नोंद आहे. आपल्या मुलींच्या पाठ्यपुस्तकात हे नाव मला अजून सापडलेले नाही.

मग ६ नोव्हेंबरला न्यूकॅसलच्या कोळसा खाणींतल्या संपकरी मजुरांचा मोर्चा निघाला. २,०३७ पुरुष, १२७ बायका, ५७ मुले. ओलांडायची होती तीच सीमा, नाताळ आणि ट्रान्सवालमधली.

१९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला आणि एक पत्नी असलेल्या लग्नाला मान्यता मिळण्याची सोय झाली. गांधीजी जुलैमध्ये दक्षिण आफ्रिका सोडून गेले. प्रांतांच्या सीमा राहिल्या. त्याआधीच जून १९१३ मध्ये जमिनीचा कायदा येऊन काळ्या लोकांना देशाच्या सुमारे सात टक्के जमिनीत कोंडले होते. केपचा तो जपून ठेवलेला मताधिकार? दोन-तृतीयांशांच्या अटीवर ज्यांनी विसंबून राहायचे ठरवले होते, त्यांना १९३६ मध्ये कळले की दोन-तृतीयांश मते सहज गोळा होतात. काळे मतदार सामाईक यादीतून गेले. मिश्रवर्णीय आणि मलय मतदारांना काढायला १९५६ उजाडले, कारण तेव्हा न्यायालयाने अडवले होते. मग सरकारने वरच्या सभागृहात आपली माणसे भरून बहुमत करून घेतले. डिस्ट्रिक्ट सिक्स १९६६ मध्ये गोऱ्यांची वस्ती म्हणून जाहीर झाली आणि तेथली मलय, हिंदी आणि कोकणी घरे बुलडोझरखाली गेली. मशिदी मात्र पाडल्या नाहीत.

चार वसाहतींच्या त्या देशात सर्वांनी मिळून पहिले मतदान केले ते २७ एप्रिल १९९४ रोजी. लग्नांचा प्रश्न त्यानंतरही सुटायचा होता. नुसता निकाह झालेल्या स्त्रीला तलाक झाल्यावर न्यायालयात संपत्तीचा वाटा मागता येत नसे. २८ जून २०२२ रोजी घटनात्मक न्यायालयाने निर्णय दिला की, मुस्लिम रीतीने झालेल्या लग्नांना कायद्यात न मोजणे घटनेविरुद्ध आहे. हे न्यायालय जोहान्सबर्गच्या जुन्या किल्ल्यातल्या तुरुंगाच्या आवारात बांधलेले आहे, १९०८ मध्ये गांधीजींना ठेवले होते त्याच तुरुंगाच्या. संसदेने २०२४ मध्ये घटस्फोटाच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि मुस्लिम निकाहाची व्याख्या त्यात प्रथमच आली.